गाणे दोघांचे, सातबारा कोणाचा?

‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे २०२४ साली प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता मोबाइलपासून वरातीपर्यंत सर्वत्र पोहोचले. त्याचे संगीत रचणारे ‘क्रेटेक्स’ म्हणजे कृणाल घोरपडे, आणि त्यावर शब्दांचा मारा करणारे श्रेयस सागवेकर, अशी ही जोडी. प्रकाशक मात्र नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स ही कंपनी. ती २०१७ पासून वॉर्नर या बलाढ्य अमेरिकी संगीत कंपनीच्या मालकीची आहे. जाणकार म्हणतील की, या गाण्याचा ताल हिपहॉपचा नसून ‘हाऊस’ नावाच्या नृत्यसंगीताचा आहे. ते खरेच, परंतु एकाने ताल रचावा आणि दुसऱ्याने त्यावर रॅप म्हणावे, ही श्रमविभागणी हिपहॉपचीच होय. उन्हात रापलेल्या कातडीचे कौतुक करणाऱ्या अशा गाण्यास संगीत म्हणावे काय, यावर प्राध्यापक-कक्षात हिरिरीने वाद घालणारे पुष्कळ आहेत. अर्थशास्त्राच्या अध्यापकास प्रश्न पडतो तो निराळाच. दोघांनी मिळून पिकविलेल्या या मालाची वाटणी कशी होते?

प्रथम शब्दाचा एक घोळ निस्तरणे अगत्याचे आहे. चित्रपटामुळे ‘प्रोड्यूसर’ म्हणजे पैसा घालणारा निर्माता, असे आपण धरून चालतो. हिपहॉपमधील प्रोड्यूसर हा वस्तुतः संगीतकार असतो. संगणकावर किंवा साध्या मोबाइलवर तो ढोल, मंद्र स्वर आणि सुरावटीचे तुकडे जुळवून गाण्याचा सांगाडा उभा करतो. त्यास ‘बीट’ म्हणतात. घोळ केवळ बोलण्यातला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणून जो मानला आहे, तो ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारा मनुष्य होय. स्वररचना करणारा संगीतकार वेगळा आणि शब्द लिहिणारा कवी वेगळा. एका लहानशा गाण्यात असे तीन स्वतंत्र हक्क एकमेकांत गुंतलेले असतात, आणि गाणे करणाऱ्या पोरांना बहुधा त्यांपैकी एकाचाही पत्ता नसतो.

नावाची काळजी मात्र ही मुले डोळ्यांत तेल घालून घेतात. बीटच्या आरंभी प्रोड्यूसरच्या नावाची एक लहानशी ध्वनिखूण वाजते; रॅपर आपले नाव ओळीतच गुंफून टाकतो. गंगाखेडच्या जनाबाईंच्या मुलखात राहणाऱ्यांस याचे नवल वाटू नये. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालण्याची आपली रीत सातशे वर्षांची आहे, आणि छापखाना नसलेल्या काळात दळणकांडण करणाऱ्या एका दासीची रचना तिच्याच नावावर राहिली ती त्या मुद्रेमुळे. परंतु जनाबाईंच्या अभंगांचा बाजार भरत नव्हता. येथे भरतो, आणि बाजारात नाव राहिले म्हणजे हिस्सा राहिला असे होत नाही.

याची साक्ष हिपहॉपच्या जन्मापासूनच मिळते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क याने वाजविलेल्या तबकड्यांपासून हा प्रकार सुरू झाला असे मानतात. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे पहिले गाजलेले रॅप गाणे निघाले, ते ‘शीक’ या वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’ या गाण्याच्या आधारावर. मूळ रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा दाखविला, तेव्हा कोठे त्यांचे नाव श्रेयात लागले. क्लाइड स्टबलफील्ड या ढोलवादकाची कथा तर याहून करुण. जेम्स ब्राउन यांच्या १९७० साली निघालेल्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात त्याने काही सेकंद ढोल एकट्याने वाजविला. पुढे शेकडो गाण्यांत तोच तुकडा कापून बसविला गेला. रचनाकार म्हणून त्याचे नाव कागदावर नव्हते, म्हणून त्या रॉयल्टीतला वाटा त्याला मिळाला नाही. २०१७ मध्ये तो वारला.

आता हा व्यवहार आपल्या ओळखीच्या भाषेत मांडून पाहू. परभणी जिल्ह्यात शेत दुसऱ्यास कसावयास देण्याच्या दोन रीती सर्वांस ठाऊक आहेत. एक ठोक्याची: ठरलेली रक्कम आधी द्यावी, मग पिको अथवा न पिको. दुसरी बटईची: खर्चाची वाटणी ठरवावी आणि माल निम्मेनिम्म घ्यावा. बीटचा बाजार याच दोन रीतींनी चालतो. प्रोड्यूसर एकतर ठोक रक्कम घेऊन बाजूला होतो, नाहीतर उत्पन्नात हिस्सा मागतो. ठोक्यात गाणे आपटल्यास तोटा रॅपरचा आणि गाजल्यास घबाडही रॅपरचेच. बटईत दोघेही आभाळाकडे डोळे लावून बसतात. मार्शलने बटईस अकार्यक्षम ठरविले होते, कारण अर्धे पीक दुसऱ्यास जाणार म्हटल्यावर कसणारा जीव तोडून राबत नाही. स्टीव्हन चेउंग यांनी १९६९ मध्ये ते मत खोडून काढण्याचा यत्न केला. माझा कल चेउंग यांच्याकडे आहे. जेथे पीक येईल की नाही हेच कोणास सांगता येत नाही, तेथे जोखीम वाटून घेणेच शहाणपणाचे ठरते. आणि गाण्याइतके बेभरवशाचे पीक दुसरे नाही. एक फरक मात्र आहे. एकच शेत एकाच हंगामात पाचजणांस ठोक्याने देता येत नाही; एकच बीट पाच रॅपरांस भाड्याने देता येतो, आणि इंटरनेटवर तो तसा सर्रास दिला जातो.

उत्पन्नाची वाटही अशीच आहे. गाणी ऐकविणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या महिन्याचे उत्पन्न एकत्र करून गाणी किती वेळा ऐकली गेली त्या प्रमाणात वाटतात. एकेका ऐकण्यामागे हाती पडतात ते पैसे, रुपये नव्हेत. तेही सहसा ज्याच्या नावाने गाणे चढविले असेल त्याच्याच खात्यात जमा होतात. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि कसणारे दोघे, असा हा प्रकार. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण हौसेने सांगतो; मोबाइलवरचे गाणे खरोखरच एका रात्रीत परभणीहून जर्मनीस जाते, पण त्याचा पैसा परत कोणाच्या दारी येतो हे त्या एका खात्यावर ठरते. माझ्या पाहण्यातल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने बीट केला, दुसऱ्याने शब्द. गाणे तालुक्यात बरे चालले. मिळालेली रक्कम एका मोबाइलच्या किमतीचीही नव्हती. परंतु शाळेपासूनचे हे मित्र आज एकमेकांशी बोलत नाहीत.

आपल्याकडे बटई तोंडी का होते, याला कारण आहे. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानंतर मराठवाड्यातील जमीनमालकास कागदाची धास्ती बसली: लिहून दिले की कूळ लागले. तोंडी शब्दावर व्यवहार करण्याची ती सवय हाडीमांसी खिळली आहे, आणि मुलांनी ती घरातूनच उचलली. कॉपीराइटच्या कायद्याचा न्याय मात्र नेमका उलटा आहे. हक्काचे हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे नसेल तर ते मुळी वैधच नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजावी, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता समजावा, असे कलम १९ सांगते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मोलाची गोष्ट केली. गीतकार व संगीतकार यांनी आपला हक्क विकला तरी रॉयल्टीतील समान वाट्याचा अधिकार त्यांना सोडून देता येत नाही. चित्रपटगृहातील प्रदर्शनाचा अपवाद वगळता तो त्यांच्याकडे, त्यांच्या वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच राहतो. या दुरुस्तीसाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हिरिरीने बाजू मांडली होती. ठोक्याने बीट विकून मोकळ्या झालेल्या मुलासही ही तरतूद हात देऊ शकते. मात्र त्या गाण्याची स्वररचना आपली आहे हे त्याला दाखविता आले पाहिजे.

जोखीम केवळ पैशाची असते असेही नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरचे रॅपर राज मुंगासे यांच्यावर २०२३ मध्ये एका राजकीय गाण्यावरून अंबरनाथ येथे गुन्हा नोंदविण्यात आला. अशा प्रसंगी बोट प्रथम दिसतो त्या चेहऱ्याकडे जाते. म्हणजे नफ्यात भागीदार कोण आणि खटल्याच्या खर्चात भागीदार कोण, हेही आधीच बोलून ठेवावे लागेल.

यासाठी वकीलच गाठावा लागतो असे नाही. गाण्याचे नाव, बीट कोणाचा, शब्द कोणाचे, कोणाच्या खात्यावरून गाणे चढविणार, हिस्सा किती, किती वर्षांसाठी, भारतापुरता की जगभर, हाच बीट आणखी कोणास दिला आहे काय, आणि खाली दोघांच्या सह्या व तारीख: एवढे एका पानात मावते. युवक महोत्सवाच्या तयारीत आपण मुलांकडून महिनाभर तालमी करून घेतो. वाणिज्य विभागातील सहकाऱ्यांनी या पानाचा एक मराठी नमुना तयार करून सूचनाफलकावर लावला, तर खर्च एका झेरॉक्सचा येईल.