निर्मात्याचा दिवस: निपाणी ते बेळगाव

पहाटे 5. निपाणीजवळच्या शिवारात चित्रीकरण आहे. दिग्दर्शकाला कोवळं ऊन हवं, म्हणून निर्मात्यानं अंधारात उठायचं. जनरेटर आला का, डिझेल भरलं का, साठ-सत्तर माणसांच्या चहा-नाष्ट्याचं काय, हे आधी बघतो. हा भाग कर्नाटकात, म्हणून पोलिसांना दिलेला अर्ज कानडीत, संवादांची वही मराठीत, दोन्ही पिशवीत.

सकाळी 7. पहिला शॉट लागायच्या आत शेतमालकाच्या हातावर भाडं ठेवतो. "आण्णा, तंबाखू तेवढी तुडवू नका," एवढंच त्याचं म्हणणं. त्याचं ते पीक म्हणजे वर्षाचा संसार आहे. संध्याकाळी देतो म्हटलं, की त्या गावात पुन्हा तोंड दाखवता येत नाही.

सकाळी 10. कोल्हापूरला निघतो. कोगनोळीचा टोलनाका, दूधगंगा, मग कागल. कागल आलं की मला तानीबाई कागलकर आठवतात. बाबुराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 1917 च्या सुमारास त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती या गायिकेच्या पैशांच्या आधारावर. सिनेमा काढण्याचा धंदा नवा होता, तेव्हा तिनं विश्वास टाकला. त्यातून 1920 ला 'सैरंध्री' आला, 1925 ला 'सावकारी पाश' आला, आणि कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर दिसला. पुढं 1929 ला शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या चौघांनी 'प्रभात' ही चित्रपट कंपनी काढली, तेव्हा भांडवलाची बाजू सीतारामपंत कुलकर्णी या सराफांनी उचलली. दिग्दर्शकांचे पुतळे होतात. माझ्या मते तानीबाईंचं नाव त्यांच्या शेजारी कोरायला हवं.

दुपारी 1. कोल्हापुरात संकलनाच्या खोलीत तासभर. पैसे उरलेले नाहीत, तरी एक प्रसंग पुन्हा चित्रित करायचा ठरतो. प्रसंग फसला आहे, हे दिसत असताना तो प्रेक्षकांपुढं ठेवणं मला जमत नाही.

दुपारी 4. उलट दिशेनं बेळगाव. आमचा आधीचा चित्रपट या शुक्रवारी इथं लागतोय. चित्रपट आता हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो. कुलूपबंद असतो आणि ठरलेल्या दिवसांपुरतीच त्याची डिजिटल चावी मिळते. चावी वेळेत पोचणं माझं काम. खेळाची वेळ मिळवणं त्याहून अवघड. बेळगावच्या पडद्यावर कानडी, हिंदी, तेलुगू मोठे चित्रपट रांगेत असतात. चित्रपटगृहाचे व्यवस्थापक सरळ माणूस आहेत: "संध्याकाळचा खेळ देतो की. पण रविवारपर्यंत माणसं आली नाहीत, तर सोमवारी मला दुपारला ढकलावं लागणार." त्यांचंही खरं आहे. रिकाम्या खुर्च्यांवरही वीजबिल येतं.

संध्याकाळी 7. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जाहिरात आणि बातमीचा मजकूर देतो. कोल्हापुरात एक बाबुराव सिनेमा घडवत होते, त्याच काळात, 1919 ला, बेळगावात दुसऱ्या बाबुरावांनी, म्हणजे बाबुराव ठाकूर यांनी 'तरुण भारत' हे मराठी वृत्तपत्र काढलं. 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तरी इथलं मराठी वाचणं थांबलं नाही. त्याच वाचकाला मी तिकीट खिडकीपर्यंत बोलावतो आहे.

रात्री 10. तवंदी घाट उतरून निपाणी. उद्या कुणी किती वाजता यायचं त्याचं कॉलशीट, आजची बिलं. आधी रोजंदारीवाल्यांचे पैसे, मग बाकीचे.

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगावच्या मराठी प्रेक्षकांना माझी एकच विनंती आहे. मराठी चित्रपट बघायचा असेल, तर पहिल्या शुक्रवार ते रविवारातच बघा. चांगला आहे असं कुणीतरी सांगेल म्हणून थांबू नका, कारण सोमवारी संध्याकाळचा खेळ उतरलेला असतो.