क्लेअरची शपथ

मतमोजणी झाली, निकाल लागला, मिरवणूक निघाली. पण निवडून आलेल्या माणसाला सभागृहात बसायची सोय नाही. कारण शपथ. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर परगण्यात 1828 साली हे घडलं. ब्रिटिश संसदेतला हा मतदारसंघ नकाशावरून जाऊन शंभर वर्षं उलटली, तरी आयर्लंडचा इतिहास वाचताना मी त्याच्यापाशी पुन्हा पुन्हा अडते.

1801 मध्ये आयर्लंडची स्वतःची संसद बंद झाली आणि शंभर आयरिश खासदार लंडनला जाऊ लागले. त्यांत क्लेअरचे दोन. प्रजा बहुतांशी कॅथलिक, खासदार प्रोटेस्टंट. कॅथलिकांना मताचा अधिकार 1793 पासून होता आणि उमेदवारी अर्ज भरायलाही थेट बंदी नव्हती. मेख पुढे होती. सदस्यत्वाची शपथ घेताना पोपचा इथे काही अधिकार नाही, हे मान्य करावं लागे. शिवाय कॅथलिकांची ‘मास’ ही उपासना म्हणजे अंधश्रद्धा आणि मूर्तिपूजा, असंही जाहीर करावं लागे. ज्याची श्रद्धा खरी, तो दाराबाहेरच राहणार.

मतदार कोण? वर्षाला किमान चाळीस शिलिंग किमतीची जमीन ज्याच्याकडे हयातीच्या पट्ट्यानं आहे, तो. या ‘चाळीस शिलिंगवाल्या’ शेतकऱ्यांना पट्टे देणारे जमीनदारच असत. जितकी कुळं, तितकी हुकमी मतं, असा सरळ हिशेब. मतदान उघड्यावर. जिल्ह्याच्या गावी जायचं, सगळ्यांसमक्ष उमेदवाराचं नाव घ्यायचं आणि ते वहीत लिहिलं जायचं. गुप्त मतदान आलं 1872 मध्ये. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे आणि निवडणुकीची ड्युटी आम्हा शिक्षकांच्या पाचवीलाच पुजलेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे कुणी काय दाबलं हे कुणालाही कळू नये, यासाठी दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. त्यामुळे मालकाचा कारकून शेजारी उभा असताना मालकाविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे काय, याची मला थोडीफार कल्पना करता येते.

तर 1828 मध्ये क्लेअरचे खासदार व्हेसी-फिट्झजेराल्ड यांना पंतप्रधान वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात व्यापार खातं मिळालं. मंत्रिपद स्वीकारलं की पुन्हा मतदारांचा कौल घ्यायचा, असा तेव्हा नियम होता. फिट्झजेराल्ड माणूस लोकप्रिय. कॅथलिकांना हक्क मिळावेत या मताचा. इंग्लंड-आयर्लंड एकत्रीकरणाला विरोध केला म्हणून त्याच्या वडिलांनी सरकारी पदही गमावलं होतं. तरी सरकारचा मंत्री म्हणून त्याला विरोध करायचं ठरलं. त्याच्याविरुद्ध उभा राहायला प्रोटेस्टंट उमेदवार मिळेना, तेव्हा खुद्द डॅनियल ओकॉनेल मैदानात उतरला. डब्लिनचा नामांकित वकील, स्वतः कॅथलिक, आणि महिना एक पेनी वर्गणीवर गोरगरिबांची प्रचंड संघटना उभी करणारा पुढारी. जिंकलो तरी बसू देणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. डाव तोच होता.

मतदान एनिस या गावी. धर्मगुरू पुढे आणि त्यांच्यामागे गावोगावची कुळं, अशा रांगा रस्त्यांनी चालत आल्या. दारूला बंदी होती आणि ती पाळलीही गेली. आयर्लंडमधल्या निवडणुकीत हे अघटितच. मोठमोठ्या जमीनदारांची माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत ओकॉनेलचं नाव घेत होती. फिट्झजेराल्डनं भाषणात आजारी वडिलांची आठवण काढली, त्याचे डोळे भरून आले, लोकही हेलावले. ओकॉनेलनं उठून त्या अश्रूंची यथेच्छ टर उडवली. मला हा प्रकार काही आवडत नाही, पण सभा त्यानं फिरवली हे खरं. 5 जुलैला निकाल लागला: ओकॉनेल 2057, फिट्झजेराल्ड 982.

सरकार हादरलं. याला अडवलं तर आयर्लंड पेटेल, आणि पुढच्या निवडणुकीत जागोजागी असेच कॅथलिक निवडून येतील, हे वेलिंग्टन आणि गृहमंत्री पील यांनी ओळखलं. एप्रिल 1829 मध्ये कायदा झाला आणि कॅथलिकांना संसद खुली झाली. पण सरकारनं त्याची वसुलीही केली. त्याच वेळी दुसरा कायदा करून आयर्लंडच्या परगण्यांत मताची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर, म्हणजे पाचपट नेली. ज्यांनी जमीनदाराचा रोष पत्करून ओकॉनेलला निवडून दिलं, त्यांचंच मत गेलं. ओकॉनेलनं विरोध नोंदवला, पण त्यासाठी जिवाचं रान केलं नाही. त्याच्या पुतळ्यांसमोर उभं राहणाऱ्यांना हे क्वचितच कुणी सांगतं.

खुद्द ओकॉनेलचीही कोंडी केली. तो नव्या कायद्याआधी निवडून आलेला, म्हणून त्यानं जुनीच शपथ घ्यावी, असं सांगण्यात आलं. मे 1829 मध्ये सभागृहात त्याच्यापुढे शपथेचा कागद धरला गेला. त्यानं तो वाचला. यातला एक भाग असत्य आहे हे मला माहीत आहे आणि दुसरा मला पटत नाही, असं म्हणून नकार दिला. जागा रिकामी जाहीर झाली. जुलैत क्लेअरनं त्याला पुन्हा पाठवलं, या वेळी बिनविरोध.

पुढची पन्नास वर्षं मी भरभर ओलांडते. 1880 मध्ये मात्र क्लेअरचे दोन खासदार पाहण्यासारखे होते. एक ओगॉर्मन मॅहन, द्वंद्वयुद्धांसाठी प्रसिद्ध असलेला ऐंशीचा म्हातारा. 1828 मध्ये हाच ओकॉनेलच्या प्रचारात पुढे होता. दुसरा कॅप्टन ओशे. याच्या पत्नीचे आयरिश नेता पार्नेलशी संबंध जुळले, ओशेनं घटस्फोटाचा दावा लावला, आणि 1890 च्या निकालानंतर पार्नेलचा पक्ष दुभंगला. पार्नेलची मागणी होती होमरूल, म्हणजे आयर्लंडला स्वराज्य. टिळकांनी 1916 मध्ये बेळगावात काढलेल्या लीगचं नावही तिथलंच.

1885 मध्ये क्लेअरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. पूर्व क्लेअरचा होमरूलवादी खासदार विली रेडमंड छप्पन्नाव्या वर्षी ब्रिटिश सैन्यात लढताना जून 1917 मध्ये बेल्जियममधल्या मेसीनला पडला. त्याच महिन्यात बंडखोर नेता एमन डी व्हॅलेरा इंग्लंडच्या तुरुंगातून सुटला होता. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टरच्या बंडाबद्दल त्याला मृत्युदंडाची शिक्षा झालेली, नंतर जन्मठेप. रेडमंडच्या रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्याला 5010 मतं पडली, होमरूल पक्षाच्या पॅट्रिक लिंचला 2035. लंडनच्या सभागृहात पाऊलच टाकायचं नाही, हेच त्याच्या पक्षाचं धोरण. ओकॉनेलला बसू दिलं नाही. हा बसायलाच गेला नाही.

1922 मध्ये ब्रिटिश संसदेतल्या क्लेअरच्या दोन्ही जागा संपल्या. डब्लिनच्या नव्या सभागृहात, डॉलमध्ये, क्लेअरचा प्रतिनिधी डी व्हॅलेराच राहिला, आणि तिथेही शपथ आडवी आली. या वेळी ती ब्रिटनच्या राजाशी निष्ठा राखण्याची होती. काही वर्षं तो बाहेर राहिला. ऑगस्ट 1927 मध्ये त्यानं बायबल बाजूला सारलं, ही नुसती औपचारिकता आहे, मी शपथ घेत नाही, असं बजावलं आणि वहीत सही करून आत गेला. ओकॉनेलला हे जमलं नसतं, असं मला वाटतं. 1932 मध्ये डी व्हॅलेरा सत्तेवर आला. पुढच्या वर्षी ती शपथच त्यानं रद्द करून टाकली.