काठाचं पाणी, घरातले मासे

आज आपण घरच्या घरी, थोड्या पैशांत मासे पाळायची पेटी कशी करायची ते बोलणार आहोत. आमच्या गटात हा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "माणसाला प्यायला पाणी नाही, अन् तुम्ही माशाला हौद बांधायला निघाल्या का गं?"

आजींचं काही चुकलं नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ती 'जलदूत' गाडी आपण कुणीच विसरलेलो नाही. आपल्या जळकोट भागातल्या बाईला हंड्याची किंमत कुणी शिकवायला नको. म्हणून आम्ही ठरवलं, की आधी पाण्याचा हिशोब मांडायचा. हिशोब बसला तरच मासे.

हिशोबाची सुरुवात एका चुकीपासून झाली. आमच्यातल्या एकीच्या लेकरांनी बाजारातून काचेच्या गोल भांड्यात दोन मासे आणले होते. भांडं पाच लिटरचं. पाणी गढूळ दिसलं की आई रोज सगळं पाणी ओतून द्यायची, भांडं घासायची आणि नळाचं ताजं पाणी भरायची. आठवड्याला पस्तीस लिटर पाणी गेलं, आणि आठव्या दिवशी दोन्ही मासे मेले. पोरं रडली. आई म्हणाली, "एवढी स्वच्छता ठेवली तरी कसे मेले?"

खरं तर ते त्या स्वच्छतेनंच मेले. नळाच्या पाण्यात जंतू मारायला ब्लिचिंग पावडर घातलेली असते. त्यातला क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतो. शिवाय रोज घासल्यामुळे पाणी साफ करणारे उपयोगी जिवाणू भांड्यात कधी तयारच झाले नाहीत.

आता नदीकडे बघा. आपल्या तिरूला कोण घासतं? पाणी वाहतं असतं तेव्हा काठाला लव्हाळा असतो, वेखंडासारखी पाणथळ झाडं असतात. त्यांची मुळं पाण्यात आणि पानं हवेत. त्या मुळांच्या जाळीत लहान मासे लपतात, आणि तिथलंच पाणी जास्त नितळ दिसतं. घरात असाच काठ तयार करायच्या पद्धतीला रिपेरियम म्हणतात. लॅटिन भाषेत 'रिपा' म्हणजे नदीचा काठ. पेटी काठोकाठ भरायची नाही. अर्धी किंवा त्याहून थोडी जास्त भरायची, आणि कडेला अशी झाडं लावायची, की मुळं पाण्यात राहतील आणि पानं वर हवेत.

यात घडतं काय, ते आपण शेतकरी बायांना लवकर कळेल. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. वाळू-खडीवर राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे युरियातून पिकाला शेवटी मिळतं तेच खत. पेटीतली झाडं ते मुळांनी ओढून घेतात. पूर्ण पाण्यात बुडालेल्या झाडाला उजेड आणि हवा बेताची मिळते, म्हणून ते हळू वाढतं. काठाच्या झाडाची पानं मोकळ्या हवेत असतात. ते जोमानं वाढतं आणि जास्त खत खातं. म्हणून पाणी कमी वेळा बदलावं लागतं.

आता कामाला लागू. पहिलं म्हणजे भांडं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची पेटी छान, पण काच महाग पडते. घरातला रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा टब चालतो. जुन्या फ्रिजचा भाजीचा खणही चालतो, फक्त त्याला तडा नसावा. तीन भांडी मात्र अजिबात घेऊ नका. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी नको. तांब्या-पितळेचं घंगाळ नको, कारण तांबं पाण्यात उतरतं आणि माशांना मारतं. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादलीही नको.

दुसरं म्हणजे पाण्याचं माप. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि त्यात पाणी १८ सेंटिमीटर उंच. तिन्हींचा गुणाकार ३२,४०० येतो. हजारानं भागलं की ३२ लिटर. एका लिटरचं वजन एक किलो, त्यात वाळू-खडीचे आठ-दहा किलो. म्हणजे चाळीस किलोच्या वर ओझं झालं. फळीवर ठेवू नका. सिमेंटच्या कट्ट्यावर किंवा भक्कम टेबलावर ठेवा. घरात रांगतं लेकरू असेल तर उंचावरच ठेवा आणि वरून जाळी बांधा. वीतभर पाण्यातही लहान लेकराचा जीव जाऊ शकतो, हे विसरू नका.

जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ असावी. सकाळचा उजेड मिळावा, दुपारचं ऊन नको. उन्हानं पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

तळाला दोन बोटं जाडीची धुतलेली वाळू आणि काळ्या दगडाची बारीक खडी टाका. गढूळपणा जाईपर्यंत धुवायची. माती घालू नका.

आता झाडं. विकत आणायची गरज नाही. वेखंड, अळू, पुदिना, नाळीची भाजी, कर्दळ, छत्रीसारख्या पानांचं शोभेचं गवत आणि मनी प्लांट ही सगळी झाडं मुळं पाण्यात ठेवून वाढतात. मुळांची माती पूर्ण धुवून काढा. पाण्याच्या बाटलीचा खालचा अर्धा भाग कापा, त्याला गरम सुईनं पुष्कळ भोकं पाडा, आत खडी भरून झाड उभं करा. नायलॉनच्या दोरीनं ही बाटली पेटीच्या काठाला अशी अडकवा, की तिचा दोन तृतीयांश भाग पाण्यात राहील. तांब्याची तार वापरू नका. बत्तीस लिटरच्या पेटीला अशा पाच-सहा बाटल्या पुरतात. मनी प्लांटची फांदी नुसती पाण्यात सोडली तरी तिला मुळं फुटतात. रुई, शेर, कण्हेर यांच्यासारखी चिकाची झाडं लावू नका. जलपर्णीही आणू नका. ती सगळं पाणी झाकून टाकते, आणि बाहेर ओढ्यात गेली तर आवरत नाही.

पाणी भरताना नळाचं पाणी रुंद भांड्यात उघडं ठेवून पूर्ण एक दिवस जाऊ द्या. क्लोरीन उडून जातो. बोअरचं पाणीही रात्रभर उघडं ठेवून मग घाला. आपलं बोअरचं पाणी जड असतं, हंड्याला पांढरे थर चढतात, तेव्हा ते चालेल का, असं आम्हाला वाटलं होतं. पण गप्पी आणि मोली या माशांना असं क्षारांचं पाणीच मानवतं.

यानंतरची पायरी अवघड आहे, कारण त्यात काहीच करायचं नसतं. झाडं लावल्यावर चार ते सहा आठवडे थांबायचं. तेवढ्या वेळात मुळं पसरतात आणि जिवाणू वाढतात. जिवाणूंना खायला मिळावं म्हणून दोन दिवसांआड चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा. कुणाची जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्यातली मूठभर खडी मागून आणा. ते आपलं विरजण. दह्याला लागतं तसं पेटीलाही लागतं, आणि मग थांबणं कमी होतं. पण या काळात पेटी उघडी ठेवू नका. मासे नसलेल्या साठल्या पाण्यात डास अंडी घालतो. आम्ही जुन्या साडीचा पातळ तुकडा वरून बांधला होता.

मासे म्हणून आम्ही गप्पी निवडले. हा मासा मूळचा त्रिनिदाद आणि व्हेनेझुएला भागातला. १८६६ मध्ये रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, त्यांच्यावरून हे नाव पडलं. तो डासांच्या अळ्या आवडीनं खातो, म्हणून आपलं आरोग्य खातंही साठल्या पाण्यात गप्पी सोडतं. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा, बहुतेक पैसे लागणार नाहीत. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. टंचाईत आपण पिंपं भरून ठेवतो, तिथंच तो जन्मतो. म्हणून पेटीत वाढलेले जास्तीचे गप्पी वापरायच्या पाण्याच्या हौदात सोडले तर घराला उपयोग होतो. प्यायचं पाणी मात्र झाकूनच ठेवायचं, आणि आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायची. गप्पी आहे म्हणून कोरडा दिवस चुकवू नका.

पहिल्यांदा चारच मासे सोडा, एक नर आणि तीन माद्या. पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होते. मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं देते. पिल्लं मुळांच्या जाळीत लपून वाचतात. गर्दी वाढू देऊ नका. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. भाकरीचा चुरा, कणकेची गोळी, भात घालू नका. तो कुजतो आणि पाणी नासतं. फवारणीहून आलेल्या हातानं पेटीत हात घालू नका. डास मारायचा फवाराही त्या खोलीत नको.

आता आजींच्या प्रश्नाचा हिशोब. बत्तीस लिटरपैकी आठवड्याला सहा लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच मुरवलेलं घालायचं. उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी हवेत उडतं आणि झाडं पितात, ते वरून भरायचं. म्हणजे आठवड्याला सगळे मिळून तेरा लिटर, आपल्या हंड्याच्या मापात एक हंडा. त्या गोल भांड्यात दोन माशांसाठी तीन हंड्यांच्या जवळ पाणी जात होतं. शिवाय काढलेलं सहा लिटर पाणी मोरीत जात नाही. ते खताचं पाणी परसातल्या मिरचीला आणि वांग्याला घालायचं. पेटीत औषध टाकलं असेल तर मात्र भाजीला घालू नका. पेटीतला अळू आणि नाळीची भाजी नीट धुवून, शिजवूनच खा.

एक खरं सांगतो. जिथं प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते, तिथं चैत्र-वैशाखात ही पेटी सुरू करू नका. पावसाळ्यात सुरू करा. पहिल्या दोन-तीन सरींनी पत्रा धुतला गेला, की त्याचं पाणी साठवून निम्मं बोअरचं आणि निम्मं पावसाचं असं भरा. उन्हाळा येईपर्यंत झाडं दाट होतात. टंचाईच्या महिन्यांत माशांची संख्या कमी करा, खाद्य निम्म्यावर आणा आणि उडालेलं तेवढंच पाणी भरा. झाडं तेवढे दिवस सांभाळून नेतात. पेटीभोवती ओलं पोतं गुंडाळलं की पाणी माठासारखं थंड राहतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर पेटीतलंच पाणी तांब्यानं उंचावरून चार-पाच मिनिटं धार धरून ओता. आमच्या पेटीला मोटर नाही, त्यामुळे वीज गेली तरी घोर नसतो. थंडीत रात्री पोत्यानं झाका.

शेवटची गोष्ट हात जोडून सांगतो. मासे कंटाळले म्हणून तिरूत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. गप्पी बाहेरचा आहे, झपाट्यानं वाढतो, आणि आपल्या नदीतल्या लहान माशांची अंडी आणि पिल्लं खातो. नको असतील तर दुसऱ्या गटाला द्या, सोबत मूठभर खडी आणि एक मुळं फुटलेली फांदी द्या.

आमचा खर्च साडेतीनशे रुपयांच्या आत झाला. टब घरचा, झाडं शेजारची, मासे फुकट. पैसे गेले ते वाळू-खडी आणायला, जाळीला आणि खाद्याला. आजी अजूनही पेटीला हौदच म्हणतात. पण सहा लिटरची ती बादली शनिवारी त्या स्वतः उचलतात आणि मिरच्यांना घालतात. पाणी काढायला कुणी उशीर केला, तर पहिली हाक त्यांचीच येते.

तुमच्या गटानं पेटी केली, तर काय जमलं आणि काय फसलं ते आम्हाला नक्की कळवा. फसलेलं आधी सांगा, त्यातून इतर जणींचे मासे वाचतील.