बाहेरचा प्लग पॉइंट मेन बोर्डापासून सुरू होतो

घरची वीज : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण अर्थिंग समजून घेतलं. आज तीच हिरवी वायर घेऊन घराबाहेर जायचं आहे.

गणपतीची रोषणाई, दिवाळीचा आकाशकंदील, ई-स्कूटरचं चार्जिंग, अंगण धुवायचा पंप... बाहेर वीज लागतेच. मग खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडला जातो आणि ओल्या फरशीवर पडून राहतो. त्यापेक्षा अंगणात किंवा गच्चीवर कायमचा पॉइंट काढून घेणं केव्हाही बरं. पण त्या कामाची सुरुवात घरातल्या मेन बोर्डापासून व्हायला हवी.

कारण बाहेर माणूस बहुधा अनवाणी असतो, हात ओले असतात. अशा वेळी शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला त्याने भागलं तर अंगातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडायला त्याहून कमी प्रवाह पुरतो. १६ अँपिअरचा एमसीबी मात्र जागचा हलणार नाही, कारण त्याच्या लेखी हा प्रवाह नगण्य आहे. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो. माणसासाठी मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो.

त्याचं काम सोपं आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका कड्यातून जातात. गेला तेवढाच प्रवाह परत आला तर सगळं ठीक. त्यातला काही कुणाच्या अंगातून जमिनीत उतरला, तर हिशेब जुळत नाही आणि आरसीसीबी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून उघड्या जोडांना तिथे थारा नको.

परवानाधारक वायरमनला नेमकं काय सांगाल? बाहेरच्या पॉइंटसाठी वेगळी लाइन, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि सोबत अर्थिंग. आरसीसीबीपुढचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलला जोडू नये. जोडला तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. ‘सारखा ट्रिप होतोय, काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या आणि आधी दोष शोधायला लावा.

आता बाहेरचा बॉक्स. त्यावर ‘आयपी ५५’ लिहिलेलं पाहा : पहिला पाच धुळीसाठी, दुसरा पाण्याच्या फवाऱ्यासाठी. साध्या झाकणाचं हे संरक्षण झाकण बंद असेपर्यंतच टिकतं, म्हणून प्लग लावल्यावरही मिटणारं खोल झाकण घ्या. जागा छज्ज्याखाली, नळापासून दूर आणि पाणी उडणार नाही इतकी उंच निवडा. पाइप बॉक्समध्ये खालून येऊ द्या. भिंतीलगतची फट वरून आणि बाजूंनी सिलिकॉनने बुजवा, खालची मोकळी ठेवा. आत शिरलेलं पाणी तिथून निघून जाईल.

काम झाल्यावर वायरमनकडून अर्थिंग मीटरने मोजून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबा. दाबताच खटका पडला नाही, तर तो बदलेपर्यंत बाहेरचा पॉइंट बंद ठेवा. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर दोनाऐवजी एकच पॉइंट काढा, पण आरसीसीबी आणि अर्थिंगमध्ये काटकसर करू नका.

पुढच्या आठवड्यात : इन्व्हर्टरची जोडणी.