फोन आला, पण कोणत्या क्रमांकावर?

एखाद्या रुग्णालयाचे तीन दूरध्वनी क्रमांक असतात : एक अपघात विभागाचा, दुसरा बाह्यरुग्ण विभागाच्या चौकशीचा आणि तिसरा हिशेब खात्याचा. पूर्वी या तिन्हींसाठी तांब्याच्या वेगळ्या तारा येत आणि टेबलावर तीन यंत्रे असत. कोणते यंत्र वाजले यावरूनच कोणता क्रमांक फिरवला गेला ते कळे. आता हे तिन्ही क्रमांक इंटरनेटवरील एकाच जोडणीतून, म्हणजे ‘सिप ट्रंक’मधून येऊ शकतात. अपघात विभागासाठी केलेला फोन हिशेब खात्याच्या रांगेत संगीत ऐकत राहिला, तर दोष फोन करणाऱ्याचा नसतो. त्याने फिरवलेला क्रमांक ओळखण्यात रुग्णालयाचे एक्सचेंज चुकलेले असते.

फोन कोणाचा आला, याची चर्चा पुष्कळ होते; फोन कोणाला केला होता, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. मधल्या काळातील पीआरआय लाइनवर ही अडचण फारशी नव्हती. एका लाइनवर एका वेळी ३० संभाषणे चालत, आणि कॉल जोडतानाच कंपनीचे एक्सचेंज फिरवलेल्या क्रमांकाचे शेवटचे आकडे पुढे पाठवी. इंटरनेटवर आल्यानंतर गोष्ट थोडी गुंतागुंतीची झाली.

इंटरनेट टेलिफोनीत कॉल जोडण्याचे काम बहुतेक ठिकाणी ‘सिप’ या नियमावलीनुसार चालते. तिची आजही आधारभूत असलेली आवृत्ती जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. कॉलच्या आरंभी ‘इन्व्हाइट’ नावाचा संदेश येतो. तो साध्या, वाचता येण्याजोग्या मजकुराचा असतो आणि त्यात क्रमांक किमान दोन ठिकाणी असू शकतो : पहिल्या ओळीतील ‘रिक्वेस्ट-यूआरआय’मध्ये आणि खालच्या ‘टू’ या ओळीत. पहिला म्हणजे पाकिटावरचा पत्ता, दुसरा म्हणजे पत्रातील ‘प्रति’. पोस्टमन पाकीट पाहून जातो; आतल्या मायन्याशी त्याला कर्तव्य नसते. घर बदललेल्या माणसाचे पत्र पुढे पाठवताना पाकिटावर नवा पत्ता येतो, आतला मायना मात्र तसाच राहतो. सिपमध्येही हेच घडते.

ट्रंक कायमच्या आयपी पत्त्यावर जोडलेली असेल, तर कंपनी सामान्यतः फिरवलेला क्रमांक पहिल्या ओळीतच पाठवते आणि प्रश्न मिटतो. लहान कार्यालये मात्र बहुधा नोंदणीची पद्धत वापरतात. त्यांचे यंत्र एका खात्याच्या नावाने कंपनीकडे स्वतःची नोंद करते, आणि पुढचे सर्व कॉल त्याने नोंदवलेल्या पत्त्यावर येतात. अशा वेळी पहिल्या ओळीत खात्याचे नाव असते. तीन क्रमांकांपैकी कोणताही फिरवला तरी तेच. ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही सर्वत्र वापरली जाणारी मुक्त प्रणाली मुळात पहिली ओळच पाहते. नोंदणीत वेगळे नाव दिले नसेल तर सारे कॉल ‘एस’ या एकाच ठिकाणी उतरतात. यंत्र बसवणारा मग ते सर्व एका ऑपरेटरकडे वळवून मोकळा होतो. काम चालते, म्हणून कोणी विचारीतही नाही. खरा क्रमांक अशा वेळी बहुधा ‘टू’मध्ये सापडतो, आणि प्रणालीला तो तिथून वाचायला सांगावे लागते.

एखादा कॉल दुसऱ्या क्रमांकावरून वळवून आला असेल, तर प्रकरण आणखी निराळे होते. वाटेतील यंत्रणेने ‘टू’ तसाच ठेवला असेल तर त्यात मूळ क्रमांक दिसतो, बदलला असेल तर नवा. अशा कॉलचा प्रवास सांगण्यासाठी ‘डायव्हर्जन’ आणि ‘हिस्टरी-इन्फो’ या स्वतंत्र ओळी आहेत. पण त्या प्रत्येक कंपनी पाठवीलच असे नाही. १८०० ने सुरू होणारे निःशुल्क क्रमांकही पोहोचण्यापूर्वी सामान्य क्रमांकात रूपांतरित होतात. म्हणून क्रमांक कोणत्या ओळीत आणि कोणत्या रूपात येईल, हे ट्रंक घेतानाच कंपनीकडून लेखी घेतलेले बरे.

रूपाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तिथेच पुष्कळदा घोळ होतो. गोव्यातील एकच क्रमांक +९१८३२ ने, ०८३२ ने किंवा नुसत्या ८३२ ने सुरू होऊन येऊ शकतो. यावर उपाय म्हणून काही जण शेवटचे सात आकडेच ताडून पाहतात. पणजी आणि बेळगाव अशा दोन्ही ठिकाणी कार्यालय असलेल्या संस्थेने हे करू नये. बेळगावचा संकेतांक ०८३१ आहे. दोन्हीकडे सात आकड्यांचा तोच क्रमांक असू शकतो. शेवटचे दहा आकडे ताडणे अधिक सुरक्षित.

शिवाय ‘टू’मधील मजकूर पाठवणारा हवा तसा लिहू शकतो. त्यामुळे तो केवळ कंपनीच्या ठरलेल्या सर्व्हरकडून आलेल्या संदेशातच ग्राह्य धरावा.

तपासणी अवघड नाही. प्रणालीचा सिप लॉग चालू करून बाहेरच्या मोबाइलवरून प्रत्येक क्रमांकावर एकेक फोन करावा, वळवलेल्या क्रमांकांवरही करावा, आणि आलेल्या ‘इन्व्हाइट’मध्ये तो क्रमांक कुठे दिसतो ते पाहावे. आतल्या एका एक्स्टेन्शनवरून दुसऱ्यावर केलेल्या फोनने यातले काहीच कळत नाही, कारण तो ट्रंकपर्यंत जातच नाही. कंपनी बदलली किंवा नवा क्रमांक घेतला, की हीच तपासणी पुन्हा करावी लागते. अपघात विभागाच्या क्रमांकापासून सुरुवात करून.