आकडा दहापट, धावपट्टी तीच

एका वाचकाचा प्रश्न: विमानतळांच्या माहितीत धावपट्टीच्या ताकदीचा आकडा पूर्वी ७०-८० असायचा, आता ७००-८०० दिसतो. धावपट्ट्या एवढ्या मजबूत कधी झाल्या?

झाल्याच नाहीत. २८ नोव्हेंबर २०२४ पासून जगभर ‘पीसीएन’ (पेव्हमेंट क्लासिफिकेशन नंबर) जाऊन ‘पीसीआर’ (पेव्हमेंट क्लासिफिकेशन रेटिंग) आला. जुना आकडा टनांच्या हिशेबात होता, नवा शंभर-शंभर किलोंच्या. पगार पैशांत मोजला म्हणून वाढत नाही!

या बदलात आकड्यामागचं गणितही बदललं आणि खरा निवृत्त झाला तो ओ. जेम्स पोर्टर यांचा दट्ट्या. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातल्या या अभियंत्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी चाचणी रूढ केली. माती साच्यात ठोकून भरायची, चार दिवस पाण्यात ठेवायची आणि सुमारे ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या तीत अडीच मिलिमीटर घुसवायचा. त्याला लागणारा जोर, खडीच्या तुलनेत किती टक्के? तोच सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो). चाचणी रस्त्यांसाठी होती. पण १९४१ मध्ये एक्सबी-१९ हे अजस्र बॉम्बफेकी विमान उडालं, त्याची मुख्य चाकं आठ फूट उंच. अशा ओझ्याखाली डांबरी फरसबंदी किती जाड हवी, हे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांना ठाऊक नव्हतं. युद्ध सुरू, संशोधनाला सवड नाही. त्यांनी पोर्टर यांचेच आलेख ताणून विमानांना लावले. हा उसना तोडगा ऐंशी वर्षं चालला! पोर्टर यांचं नाव मात्र अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर कोणी घेत नाही.

बोइंग ७७७ च्या सहा-सहा चाकांच्या जुळणीने हिशेब बिघडवला. अटलांटिक सिटीजवळच्या चाचणी केंद्रात फरसबंदी सूत्राच्या अंदाजापेक्षा जास्त टिकली. आता थरांची लवचीकता मोजतात: वजन आपटायचं, पृष्ठभाग किती मायक्रॉन दबला ते रांगेतल्या संवेदकांनी टिपायचं आणि त्यावरून उलट गणिताने प्रत्येक थराचा कस काढायचा.

इथे ‘अचूक’ हा शब्द मी जपून वापरेन. थरांच्या वेगवेगळ्या जोड्या जवळपास सारखाच खळगा दाखवू शकतात, म्हणून जाडी कळायला शेवटी भोक पाडून नमुना काढावाच लागतो. दुपारी डांबर मऊ पडतं, ते वेगळंच. पोर्टर माती भिजवून तिची सर्वांत वाईट अवस्था तपासत. आपटलेलं वजन फक्त त्या दिवसाची अवस्था सांगतं. काळ्या मातीच्या मुलखात तर अहवाल हाती आला, की चाचणी मे महिन्यातली की सप्टेंबरातली, हे आधी विचारावं.