धाव किती रुंद असावी?

हडपसरच्या ज्या भागास आज सर्वजण 'गाडीतळ' म्हणून ओळखतात, तेथें आतां बैलगाडी औषधालाहि सांपडावयाची नाहीं. पण नांवानें मात्र जुनी साक्ष राखून ठेविली आहे. पुण्याहून आलेली वाट हडपसरांतूनच एकीकडे सोलापूरकडे व दुसरीकडे सासवडकडे जाते. एके काळीं या वाटांवर लांकडी चाकें फिरत. संस्कृतांतील नाभि म्हणजे आपला तुंबा, अर म्हणजे आरा, आणि नेमीच्या बाहेरून जें लोखंडी कडें बसवीत ती 'धाव'. ही धाव आगींत लाल करून चाकावर चढवीत व लगेच वरून पाणी ओतीत. लोखंड आक्रसे आणि लांकूड घट्ट आवळलें जाई. माप चुकलें तर धाव सैल पडे, नाहीं तर चाकासच अपाय करी. म्हणजे चाकावर काय चढवावें व किती मापाचें चढवावें, हा प्रश्न कांहीं मोटारीबरोबर जन्मास आलेला नाहीं.

आज तोच प्रश्न निराळ्या वेषांत उभा आहे. टायरच्या दुकानापुढें एखादा तरुण आपली चपळ मोटार उभी करतो आणि "यापेक्षां रुंद टायर बसवा" म्हणून सांगतो. घरच्या वडील मंडळींस हा उधळेपणा वाटतो. तरुणास वडिलांचें बोलणें जुनाट वाटतें. आणि दुकानदार गिऱ्हाइकाचें मन सहसा मोडीत नाहीं. रुंदी वाढविल्यानें नक्की काय वाढतें व काय कमी होतें, हें मात्र या तिघांतील एकानेंहि पुरतें विचारांत घेतलेलें नसतें. प्रस्तुत लेखांत आम्ही तेवढ्याचाच विचार करणार आहों.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. पुणें जिल्ह्यांतील चाकण येथें २००९ सालीं फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना सुरू झाला. तेथें तयार होणाऱ्या पोलो मोटारीचा 'जी. टी. टी. एस. आय.' नांवाचा चपळ प्रकार २०१३ मध्यें बाजारांत आला. एंजिन अवघें १.२ लिटरचें, पण शक्ति १०५ अश्वशक्तीची. आणि ही सर्व शक्ति पुढच्या दोन चाकांनाच मिळणारी. त्या मानानें आरंभीं दिलेला टायर बेताचा, म्हणजे १८५/६० आर १५ या मापाचा होता. ओल्या रस्त्यावर जोरानें निघावें तर पुढचीं चाकें जागींच फिरूं पाहत. म्हणून तिच्या पुष्कळ मालकांनीं अधिक रुंद टायर बसविले. पुढें कंपनीनेंहि या प्रकारास १९५/५५ आर १६ मापाचे टायर दिले. भारतांत पोलोचें उत्पादन २०२२ मध्यें थांबलें, तरी त्या मोटारी आणि तो वाद दोन्ही अद्याप रस्त्यावर आहेत. तेव्हां तरुणांचें म्हणणें अगदींच निराधार आहे, असें कोणीं समजूं नये.

प्रथम या आकड्यांची भाषा समजून घेऊं. १८५ ही टायरची मिलिमीटरांतील रुंदी. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची नव्हे. ती उंची रुंदीच्या शेंकडा ६० आहे, असा त्याचा अर्थ. 'आर' हें अक्षर रेडियल रचनेचें. या रचनेचें पेटंट फ्रान्समधील मिशेलिन कंपनीनें १९४६ मध्यें घेतलें. शेवटचा आंकडा रिमच्या व्यासाचा, इंचांत. आतां शाळेंतील त्रैराशिक मांडावें. १८५ चे शेंकडा ६० म्हणजे १११. वरची व खालची अशा दोन भिंती मिळून २२२. पंधरा इंचांचे ३८१. एकूण व्यास ६०३ मिलिमीटर. त्याच रिमवर १९५/६० चा टायर घातला तर व्यास ६१५ होतो, म्हणजे शेंकडा २ वाढ. २०५/६० घातला तर ६२७, म्हणजे शेंकडा ४ वाढ. पुष्कळांची फसगत होते ती येथेंच. "साठाचा आंकडा तोच ठेवला, नुसती रुंदी वाढविली," असें ते म्हणतात. पण शेंकडेवारी रुंदीचीच असल्यामुळें रुंदीबरोबर उंचीहि वाढते. उलट २०५/५५ घेतला तर व्यास ६०६.५, म्हणजे जवळजवळ मूळचाच राहतो.

व्यासाला इतकें महत्त्व कां? ६०३ चें चाक एका किलोमीटरांत सुमारें ५२८ फेरे घेतें, ६१५ चें सुमारें ५१८. वेगमापक फेरे मोजतो, रस्ता मोजीत नाहीं. त्यामुळें कांटा १०० वर असतां मोटार पूर्वीच्या मानानें शेंकडा २ अधिक वेगानें धांवत असते. बहुतेक वेगमापक मुळांतच थोडा अधिक वेग दाखवितात, म्हणून एवढी तफावत खपून जाते. परंतु शेंकडा ३ च्या पलीकडे जाऊं नये, असा जाणकारांचा सामान्य नियम आहे. शिवाय मोठें व जड चाक ओढण्यास एंजिनाला अधिक श्रम पडतात. चपळाईसाठीं टायर बदलावे आणि मोटार सुटण्यांतच मंद व्हावी, असा उलटा प्रकार त्यामुळें घडतो. सुकाणू पुरतें वळविलें असतां किंवा मोटार भरलेली असतांना खड्ड्यांत आदळली असतां टायर आंतल्या बाजूस घांसतो, तें निराळेंच.

आतां मुख्य प्रश्न पकडीचा. रुंद टायरचा अधिक पृष्ठभाग रस्त्यास टेकतो, म्हणून पकड वाढते, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. मोटारीचा भार टायर पेलतो तो मुख्यत्वें आंतल्या हवेच्या दाबावर. मोटार व आंतील माणसें मिळून १,२०० किलो धरलीं, तर प्रत्येक चाकावर ३०० किलो आले. टायरमध्यें ३२ पौंड हवा असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें सव्वादोन किलो होतो. भागाकार केला तर जमिनीस टेकलेला भाग स्थूल मानानें १३३ चौरस सेंटिमीटर येतो. आपलें साधें पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरांचें असतें. थोडक्यांत, घरांतील चार-पांच माणसांचा जीव धांवत्या मोटारींत चार पोस्टकार्डांवर टेकलेला असतो.

रुंद टायर घातला व हवा तेवढीच ठेविली, तर या पोस्टकार्डाचें क्षेत्रफळ फारसें वाढत नाहीं. त्याचा आकार मात्र बदलतो. तें आडवें रुंद व उभें आंखूड होतें. वळणावर मोटार बाहेर फेंकली जाऊं पाहते, तेव्हां हा आडवा आकार अधिक नेटानें उभा राहतो. सुकाणूस मोटार चटकन् उत्तर देते. झीज व उष्णता अधिक रुंदींत वांटली जात असल्यामुळें अशा टायरला मऊ, चिकट रबर वापरतां येतें, आणि पुष्कळ अंशीं पकड वाढते ती या रबरामुळें. म्हणून मूळच्याच मापाचा पण उत्तम रबराचा टायर हा हलक्या रबराच्या रुंद टायरपेक्षां सरस ठरूं शकतो. रुंदी डोळ्यांस दिसते, रबराचा गुण दिसत नाहीं. आणि बाजारांत जें दिसतें त्याचीच वाहवा होते, हा जुनाच अनुभव आहे.

कोरड्या रस्त्यावर मिळणाऱ्या या लाभाची किंमत पावसांत द्यावी लागते. टायरपुढें साचलेलें पाणी खांचांतून बाजूस सारलें गेलें पाहिजे. टायर जितका रुंद तितकें हें काम अधिक. आणि तें वेळेंत झालें नाहीं, तर टायर पाण्यावर तरंगूं लागतो. त्या क्षणीं सुकाणू व ब्रेक दोन्ही हातचे जातात. अमेरिकेंतील 'नासा' या संस्थेच्या संशोधकांनीं १९६३ मध्यें असा नियम मांडला, कीं हा तरंगण्याचा वेग टायरमधील दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतो. त्या हिशेबानें खांचा भरून राहतील इतकें पाणी असतां ३२ पौंड हवेचा टायर तासीं सुमारें ९४ किलोमीटरांवर तरंगूं लागतो. हवा २५ पौंडांवर आली तर ८३ किलोमीटरांवरच. रुंद टायर घालून हवा तपासावयास विसरणारा मनुष्य स्वतःच्या हातानें संकट दुप्पट करीत असतो.

रस्त्यांचा विचार तर अवश्य केला पाहिजे. जड मालमोटारींच्या चाकांखालीं डांबर दबून लांबच लांब सऱ्या पडतात. गाडीच्या चाकांनीं पडलेल्या अशा सरीस आपण चाकोरी म्हणतों. रुंद टायरला या चाकोरीचें फार आकर्षण. तो तिच्या कांठावर चढतांना वा उतरतांना मोटारीस आपल्याकडे ओढतो, आणि सुकाणू सैल धरणाऱ्याची धांदल उडते. रुंदीबरोबर रिम मोठी करून टायरची भिंत आंखूड केली, तर खड्ड्याचा धक्का गिळण्यास हवेची गादीच उरत नाहीं. मग रिम वांकते किंवा टायरच्या कुशीस फुगा येतो. फुगा आलेला टायर आंतून तुटलेला असतो. तो दुरुस्त होत नाहीं. हडपसरहून फुरसुंगी, वडकी करीत दिवे घाटानें सासवडास जाणाऱ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. घाटाच्या उताराला अशा टायरची परीक्षा पाहणें शहाणपणाचें नव्हे.

रिमचेंहि गणित आहे. १९५/६० आर १५ चा टायर साडेपांच ते सात इंच रुंदीच्या रिमवर शोभतो. २२५/४५ आर १७ च्या टायरला सात ते साडेआठ इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला म्हणजे त्याच्या कडा आंत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, आणि ज्या रुंदीसाठीं पैसे मोजले ती जमिनीस लागतच नाहीं. मापापुढें आणखी एक आंकडा व अक्षर असतें. ८४ या आंकड्याचा अर्थ त्या टायरवर ५०० किलो भार चालेल, ८८ चा अर्थ ५६० किलो. 'टी' म्हणजे तासीं १९० किलोमीटर, 'एच' म्हणजे २१०, 'व्ही' म्हणजे २४० पर्यंतची मर्यादा. नवा टायर या दोन्हीं बाबतींत मूळच्यापेक्षां कमी नसावा. चार आंकडी तारीखहि पाहावी. २३२४ असें कोरलेलें असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील होय.

कायद्याकडेहि पाठ फिरवूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनांतील फेरफारांविषयीं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपापासून दूर जाणाऱ्या फेरफारांविरुद्ध निर्णय दिलेला आहे. म्हणून त्याच मोटारीच्या दुसऱ्या एखाद्या प्रकारास निर्मात्यानें जें माप दिलें असेल, तेवढ्यांतच राहावें, आणि विमा कंपनीस आधीं लेखी विचारून घ्यावें. अपघातानंतर सुचलेलें शहाणपण भरपाईच्या कामीं येत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरांत यावरून चांगलाच खटका उडाला. पुतण्याला २२५ रुंदीचे टायर हवे होते, काकांचें म्हणणें, "आहेत ते टायर अजून वर्षभर चालतील." प्रत्यक्ष पाहिलें तों खांचांच्या तळाशीं जे लहान उंचवटे असतात, त्यांच्या पातळीस टायर आलेला. याचा अर्थ खांच १.६ मिलिमीटरच उरली, टायर संपला. पुतण्याची हौस महाग होती, पण काकांची काटकसर त्याहून अधिक महाग पडण्याजोगी होती. अखेर दोघांनीं मिळून हिशेब मांडला आणि मूळच्या रिमवर बसणारा, व्यास शेंकडा दोनांच्या आंत ठेवणारा, एकच पायरी रुंद पण उत्तम रबराचा टायर चारी चाकांस घेतला. वाद मिटला तो कोणीं माघार घेतल्यामुळें नव्हे, तर त्रैराशिकामुळें.

एकत्र कुटुंबांतील मोटार एकट्याची नसते. सकाळीं तींतून मुलें शाळेस जातात, दुपारीं आजीस वैद्याकडे न्यावें लागतें, आणि रात्रीं तीच तरुणाच्या हातीं येते. आजीच्या कंबरेस बसणारे धक्के आणि तरुणास हवी असलेली वळणावरील पकड, या दोहोंचा मेळ ज्या टायरांत बसेल तोच त्या घरचा टायर. म्हणून आमची वाचकांस सूचना एवढीच, कीं दुकानीं जाण्यापूर्वीं घरांत कागद घेऊन बसावें. मूळ माप, नवें माप, दोहोंचे व्यास, रिमची रुंदी, भाराचा आंकडा व वेगाचें अक्षर असे रकाने पाडावे आणि ते घरांतील शाळकरी मुलांकडून भरून घ्यावे. शेंकडेवारी कशासाठीं शिकावयाची, हा त्यांचा प्रश्नहि त्याबरोबर सुटेल. टायर बदला वा न बदला, पंधरा दिवसांतून एकदां टायर थंड असतांना हवा मात्र अवश्य तपासा; दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर ती किती असावी हें लिहिलेलें असतें. रुंदीस पैसे पडतात. हवेस वेळ तेवढा पडतो, आणि चारी पोस्टकार्डें भरंवशाचीं राहतात तीं मुख्यतः तिच्याच जोरावर.